ब्रिटिश पाककृतीतलं 'सरलॉइन' अमेरिकेत आणलं की चिवट का निघतं?

तुम्ही लिहिलंय की ब्रिटिश पाककृतीत सांगितल्याप्रमाणे तुम्ही अमेरिकेतल्या दुकानातून सरलॉइन स्टेक, म्हणजे गोमांसाचा जाड काप, आणलात, वेळही तीच पाळलीत, तरी मांस चिवट झालं. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. पाककृती लिहिणाऱ्याच्या मनात जो तुकडा होता, तो तुमच्या तव्यावर आलाच नाही.

मी इंग्लंडमध्ये एका हॉटेलच्या किचनमध्ये तीन वर्षं काम केलं आणि मग न्यू जर्सीला आलो. इथं आल्यावर मित्रांना जेवायला बोलावलं होतं, तेव्हा माझंही नेमकं हेच झालं. चौघांसाठी सरलॉइन आणलं, कागद उघडला आणि चरबीची ती ओळखीची कड कुठे दिसेना. हा तर रम्प, म्हणजे पुठ्ठ्याचा तुकडा! रोज हाताखालून जाणारा तुकडा असल्यामुळे मला लगेच ओळखता आला. नुसत्या नावावर भरवसा ठेवणाऱ्याला कसा कळावा?

जनावराच्या पाठीवरून खांद्याकडून शेपटीकडे हात फिरवत गेलात की आधी फासळ्या लागतात, त्या संपल्या की कंबर, मग पुठ्ठा, मग मांडी. इंग्लंडमधला खाटीक कंबरेच्या भागाला सरलॉइन म्हणतो आणि पुठ्ठ्याला रम्प. अमेरिकेत कंबरेच्या त्याच भागाला शॉर्ट लॉइन म्हणतात आणि तिच्या मागच्या, पुठ्ठ्याकडच्या भागाला सरलॉइन. म्हणजे ब्रिटिश पाककृतीतलं सरलॉइन हवं असेल तर अमेरिकेत स्ट्रिप स्टेक मागायचा. त्यालाच न्यूयॉर्क स्ट्रिप किंवा कॅन्सस सिटी स्ट्रिपही म्हणतात. उलट हिशेब मात्र आंधळेपणानं करू नका. ब्रिटिश रम्प हवा म्हणून अमेरिकेत 'रम्प रोस्ट' मागितलात, तर त्याच्याही मागचा, मांडीकडचा तुकडा हातात येईल. तो तव्यावर भाजायचा नाही, मंद आचेवर तासन् तास शिजवायचा असतो.

फरक फक्त नावाचा असता तर एवढं लिहिलं नसतं. कण्याला समांतर जाणाऱ्या लांब स्नायूला कंबरेपाशी फारसे कष्ट पडत नाहीत, म्हणून तिथलं मांस मऊ, आणि त्याच्या एका कडेला चरबीची पट्टी. पुठ्ठ्याचे स्नायू मागचा पाय रेटतात, जनावर चाललं की ते राबतात. तिथे चरबी कमी, धागा जाड, आणि एकाच तुकड्यात धाग्यांची दिशाही बदलते. चवीला मात्र हे मांस अजिबात कमी नाही, मला तर तेच जास्त आवडतं. पुढच्या वेळी हाच तुकडा हाती आला तर आच थोडी कमी ठेवा, भाजून झाल्यावर पाच-सात मिनिटं तसाच राहू द्या आणि धाग्याला आडवे पातळ काप काढा. आडवं कापलंत की चिवटपणा निम्म्यानं जातो.

खाटकाशी बोलताना नाव बाजूला ठेवायचं असेल तर क्रमांक सांगा. अमेरिकेच्या कृषी खात्यानं मांसाच्या घाऊक तुकड्यांना क्रमांक दिलेले आहेत: बिनहाडाचं स्ट्रिप लॉइन १८०, बिनहाडाचं टॉप सरलॉइन १८४. पाकीटबंद माल विकणाऱ्या सुपरमार्केटात याचा उपयोग नाही, पण जुन्या खाटकाला १८० म्हटलंत की तो पुढे काही विचारणार नाही.

तुम्ही शब्दाचा अर्थही विचारलाय. एका इंग्रज राजानं मेजवानीत खूश होऊन मांसाच्या तुकड्यालाच 'सर' ही पदवी दिली, अशी गोष्ट तुम्ही ऐकली असेल. लँकाशायरमधल्या हॉटन टॉवर या वाड्यात ती १६१७ साली पहिल्या जेम्सच्या नावावर सांगतात, इतर ठिकाणी आठव्या हेन्रीच्या किंवा दुसऱ्या चार्ल्सच्या. गोष्ट गोड आहे, पण शब्द जेम्सच्या आधीपासूनच वापरात होता. तो जुन्या फ्रेंचमधून आला: 'सुर' म्हणजे वर, 'लोंज' म्हणजे कंबर, कंबरेच्या वरचा भाग. स्पेलिंगमध्ये पूर्वी 'यू' असायचा, त्याचा 'आय' झाल्यावर ही दंतकथा आणखी घट्ट बसली. आणि गंमत पाहा, ज्या फ्रान्सनं शब्द दिला तिथे आज 'सुरलोंज' म्हणजे मानेजवळचा, रश्शात शिजवायचा तुकडा. ब्रिटिश सरलॉइनच्या स्टेकला तिथे फो-फिले म्हणतात.

ऑस्ट्रेलियात गेलात तर आणखी एक वळण. मेलबर्नमध्ये हाच बिनहाडाचा स्टेक पोर्टरहाउस नावानं मिळतो, आणि अमेरिकेत पोर्टरहाउस म्हटलं की टी आकाराचं हाड आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मांस.

ते हाड पाहिलं की मला मुंबई आठवते. हाडाच्या वरच्या बाजूला असतं ते ब्रिटिशांचं सरलॉइन, आणि खालच्या बाजूला सगळ्यांत मऊ मांसाची लांब पट्टी, म्हणजे टेंडरलॉइन. सरलॉइनच्या खालचा भाग म्हणून इंग्रज तिला 'अंडरकट' म्हणायचे. इंग्लंडमध्ये माझ्या किचनात हा शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही, तिथे सगळे फिलेच म्हणत. मुंबईत आणि गोव्यात मात्र आजही दुकानात जाऊन लोक 'अंडरकट द्या' असंच सांगतात. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे तिथे अंडरकट म्हणजे म्हशीचं किंवा रेड्याचं. तुमच्या घरी कुणी अंडरकटचं नाव काढलं, तर अमेरिकेत टेंडरलॉइन मागा. त्याचा क्रमांक १८९.