सोसायटीतल्याच लोकांना ध्यान शिकवायचं आहे. सुरुवात कशी करू?

तुम्ही लिहिलंय की काही वर्षं नियमित ध्यान करताय, घोडबंदर रोडवरच्या तुमच्या कॉम्प्लेक्समधले दोघं-तिघं "आम्हालाही शिकवा" म्हणतायत. सर्टिफिकेट लागतं का, फी किती घ्यावी आणि आपण यासाठी तयार आहोत हे कसं ओळखावं, असे तुमचे प्रश्न आहेत. मीही ठाण्यातच, वर्तकनगरला राहते आणि आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ध्यानाचा वर्ग घेते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सर्टिफिकेटचं आधी उरकते. ध्यान शिकवायला सरकारी परवाना लागत नाही. योगशिक्षकांसाठी आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाच्या परीक्षा आहेत, पण त्या ऐच्छिक आहेत. तरीही कुठेतरी रीतसर शिकून घ्या. ठाण्यात घंटाळी मित्र मंडळ आणि अंबिका योग कुटीर आहे, लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली सुरू केलेलं कैवल्यधाम आहे. तुम्ही शिकवत असताना मागे बसून बघणारं आणि नंतर "सूचना फार भराभर देतेस" असं स्पष्ट सांगणारं कुणीतरी अनुभवी माणूस हवं. घरी एकट्याने बसून हे कळत नाही.

एक गोष्ट मात्र तपासून घ्या. तुमचं ध्यान सत्यनारायण गोएंकाजींच्या विपश्यना या ध्यानपद्धतीतून आलेलं असेल, तर तिथे शिबिरं फक्त नेमलेले सहायक आचार्यच घेतात, आणि दहा दिवसांचं शिबिर केलं म्हणून ती साधना दुसऱ्याला शिकवायची मुभा मिळत नाही. हा नियम पाळायलाच हवा. ज्यांना तेच शिकायचं आहे त्यांना बेलापूरच्या पारसिक हिलवर धम्म विपुल किंवा खडवलीच्या धम्म सरिता या विपश्यना केंद्रात पाठवा. शिबिराला फी नसते, आधीच्या साधकांच्या दानावर ते चालतं. तुमच्या वर्गात श्वास मोजणं, आवाजांकडे लक्ष देणं, सावकाश चालणं एवढं साधंच ठेवा. त्यावर कुणा एका परंपरेचा हक्क नाही आणि सुरुवातीला ते भरपूर होतं.

आता मला मनापासून जे सांगायचंय ते. शिबिरात भेटलेली माणसं शिबिर संपलं की आपापल्या गावी जातात. तुमच्या वर्गातली काकू उद्या सकाळी तुम्हाला लिफ्टमध्ये भेटणार आहे. डोळे मिटून गप्प बसलं की वर्षानुवर्षं आत दाबलेलं वर येतं, आणि माणसं रडतात. कुणी नंतर थांबून सांगतं की मुलगा बोलत नाही, कुणी सांगतं की नोकरी गेलीय आणि घरी अजून कळू दिलेलं नाही. ज्या इमारतीत कुणाच्या दाराशी कुठलं पार्सल आलं हेही सगळ्यांना ठाऊक असतं, तिथे हे ऐकून घेणं फार मोठी जबाबदारी आहे. हॉलमध्ये ऐकलेलं घरी नवऱ्याला किंवा बायकोलाही सांगायचं नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वर्गाचे फोटो टाकायचे नाहीत. आणि चारचौघांत "आता बरं वाटतंय ना?" असंही विचारायचं नाही, कारण त्या एका वाक्याने बाकीच्यांना कळतं की काहीतरी बिनसलं होतं. माझ्या मते शेजाऱ्यांना ध्यान शिकवण्याची पहिली पात्रता हीच. स्वतःचं ध्यान किती खोल लागतं, हा प्रश्न त्यानंतरचा.

याला जोडूनच दुसरं. तुमच्याकडून निघून जाणं लोकांना सोपं वाटलं पाहिजे. बाहेरच्या क्लासला न जाणं सोपं असतं. पण शेजारीण शिकवत असली की माणसं संकोचाने येत राहतात, नाहीतर वर्ग सोडतात आणि मग जिन्यात तोंड चुकवायला लागतात. म्हणून वर्षभर चालणारा वर्ग काढू नका. सहा आठवड्यांचा वर्ग घ्या, तो संपला की सगळे मोकळे. पुढच्या वेळी ज्याला यायचं तो परत नाव देईल. हजेरी घेऊ नका, आणि एखादा यायचा थांबला तर भाजीवाल्यापाशी त्याला कारण विचारू नका.

ध्यान सगळ्यांना मानवतंच असं नाही, हेही तुम्हाला माहीत असायला हवं. २०२० साली आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ध्यान करणाऱ्यांपैकी सुमारे ८ टक्के लोकांमध्ये त्रासदायक परिणाम दिसले होते, मुख्यतः चिंता आणि उदासी. कुणाला श्वासाकडे लक्ष दिलं की उलट धाप लागल्यासारखं होतं. दमा असलेल्यांना आणि पॅनिक अटॅक येऊन गेलेल्यांना हे जास्त जाणवतं. अशा वेळी "टिकून राहा, जाईल" म्हणू नका. डोळे उघडायला सांगा, तळपाय जमिनीला टेकलेत तिकडे लक्ष न्यायला सांगा, हवं तर उठून पाणी प्यायला सांगा. झोप उडाली, भास होतात, जगण्यात अर्थ नाही असं कुणी बोललं, तर तो विषय तुमचा राहत नाही. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे, डॉ. आनंद नाडकर्णींनी सुरू केलेली आय.पी.एच. ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे, आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो. हा नंबर हॉलच्या दारावर आधीपासूनच लावून ठेवा, म्हणजे कुणा एकासाठी लावलाय असं वाटत नाही. आणि बीपीची असो वा डिप्रेशनची, गोळी बंद करण्याबद्दल एक शब्दही बोलू नका. ते डॉक्टरांचं काम.

प्रत्यक्ष वर्ग साधा असू द्या. खुर्च्या ठेवाच, गुडघे दुखणारी माणसं मांडी घालून वीस मिनिटं फक्त गुडघ्याचंच ध्यान करतात. सुरुवातीला दहा मिनिटं पुरेत. शांततेची वाट बघू नका. ट्रकचे हॉर्न, कुकरच्या शिट्ट्या, वरच्या मजल्यावरचं ड्रिलिंग यांपैकी काहीतरी असणारच. पहिल्या दिवशी मी आवाजच ऐकायला सांगते: आवाज आला, थोडा राहिला, गेला. घरी गेल्यावरही त्याच गोंगाटात बसायचं असतं, त्यामुळे याचा पुढे खूप उपयोग होतो. कुणाला झोप लागली तर लागू दे. पहाटे पाचला उठून डबे करून लोकल पकडणाऱ्या बाईला झोपेचीच गरज असते.

हॉलमध्ये कुणाचा फोटो, समई किंवा मंत्र मी ठेवत नाही. माझ्या घरी हे सगळं आहे, पण वर्गात मुस्लिम आणि ख्रिश्चन शेजारीही येतात, आणि त्यांनी अवघडून बसावं असं मला वाटत नाही.

मॅनेजिंग कमिटीची परवानगी लेखी घ्या. हॉलचं भाडं, दिवे-पंखे कोण बंद करणार, बाहेरची माणसं आली तर गेटवर नोंद कशी, हे त्यात येऊ द्या. फीबद्दल माझं मत ठाम आहे: हॉलचं भाडं निघेल एवढं सगळ्यांनी वाटून घ्यावं आणि पैसे कमिटीकडेच जमा व्हावेत. हाच तुमचा व्यवसाय असेल तर जरूर योग्य फी घ्या, त्यात कमीपणा काही नाही, पण तो वर्ग दुसऱ्या वस्तीत घ्या. देणं-घेणं आलं की शेजाऱ्याला नको म्हणणं आणखी जड जातं.

तयारीचं म्हणाल तर मी स्वतःला दोनच गोष्टी विचारल्या होत्या. घरात आजारपण किंवा भांडण असतानाही आपण बसतो का? आणि अडलं तर ज्यांना फोन करता येईल असं कुणी आहे का? तुमची दोन्ही उत्तरं हो असतील तर त्या दोघा-तिघांना घेऊन सुरू करा, नोटीस बोर्डावर एवढ्यात काही लावू नका. दिवाळीनंतरचा काळ बरा. जूनमध्ये शाळांची गडबड असते आणि गणपती ते दिवाळी हॉल रिकामा मिळत नाही. बायका येणार असतील तर दुपारी साडेतीन, नोकरदार असतील तर रात्री साडेनऊ, आणि वेळ एकदा ठरली की एकच माणूस आला तरी वर्ग घ्या.