चोरांनी गाडीच्या दाराची काच फोडली आहे. नवी काच बसेपर्यंत आणि बसवताना नेमकं काय करावं?

तुम्ही लिहिलं आहे की रात्री गाडीच्या मागच्या दाराची काच फोडून बॅग नेली. काच मागवावी लागणार म्हणून गॅरेजवाल्याने काही दिवसांनंतरची वेळ दिली आहे. तोवर प्लास्टिक लावून गाडी वापरावी का, आणि काचा घरीच साफ कराव्यात का, हे तुम्हाला विचारायचं आहे. मागे तुमच्या लहान मुलीची सीट असते, हेही लिहिलं आहे. मी गाड्यांच्या काचा बसवण्याचं काम करतो आणि चोरांनी फोडलेल्या काचांची कामं नेहमी येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी, त्या दाराच्या काचेचं बटण कुणालाही दाबू देऊ नका. काचच उरली नाही तर बटण दाबून काय बिघडणार, असं वाटणं साहजिक आहे. पण सीटवर आणि खाली दिसतात ते सगळे तुकडे नव्हेत. फुटलेल्या काचेचा मोठा भाग दाराच्या पोकळीत पडलेला असतो, आणि काच वर-खाली करणारं मशीनही त्याच पोकळीत असतं. बटण दाबलं की खडे मशीनच्या पुलीत किंवा रुळात शिरतात, तार उतरते, आणि नुसती काच बदलून भागलं असतं तिथे मशीनही बदलावं लागतं. मागच्या काचांची बटणं बंद ठेवणारा स्विच चालकाच्या दारावर असेल तर तो आत्ताच दाबून ठेवा. दारही आपटू नका, हळू लावा.

साफसफाईला हात घालण्याआधी फोटो काढा. फुटलेली काच, सीटवरचे तुकडे, दाराचं कुलूप आणि गाडीचा नंबर दिसेल असा एक तरी फोटो हवा. पोलिसांत तक्रार द्या आणि तिची प्रत घ्या, कारण विमा कंपनी ती मागते. आता बॅगेबद्दल. तिच्यात घराची किल्ली आणि पत्ता लिहिलेला एखादा कागद असं दोन्ही गेलं असेल, तर काच राहू द्या, आधी घराचं कुलूप बदला. गाडीची कागदपत्रं गेली असतील तर पत्ता त्यांच्यावरही असतो. गाडीची दुसरी चावी गेली असेल तर ती गाडीच्या मेमरीतून काढून टाकता येते, ते काम लगेच करून घ्या. बँकेची कार्डं आणि सिम बंद करा, लॅपटॉप असेल तर दुसऱ्या यंत्रावरून सगळीकडून लॉग-आउट व्हा. लोक काचेच्या मागे लागतात आणि या गोष्टी दुसऱ्या दिवशीवर जातात, त्याचं मला नेहमी वाईट वाटतं.

विम्याबद्दल थोडक्यात. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या काचेचे पैसे मिळत नाहीत. सर्वसमावेशक असेल तर मिळू शकतात, पण त्यात तुम्ही स्वतः भरायचा हिस्सा किती आणि दावा न केल्याबद्दलची सवलत जाणार का, हे विचारून मगच ठरवा. बाजूची एकच काच असेल तर पुष्कळदा दावा न करणंच परवडतं. गाडीच्या विम्यात सहसा बॅगेतलं सामान धरत नाहीत. दावा करणार असाल तर दुरुस्ती सुरू होण्याआधी कंपनीला कळवा, त्यांना आधी गाडी पाहायची असू शकते.

आता काच. समोरची मोठी काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ थर. ती तडकते पण जागेवर राहते. दाराची काच बहुतेक गाड्यांत टफन असते. तिला ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवतात आणि हवेच्या जोरदार झोतांनी झटकन थंड करतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला नंतर आकसतो आणि बाहेरच्याला आत ओढतो. त्यामुळे पृष्ठभाग कायम दाबाखाली राहतो आणि गाभा ताणाखाली. म्हणूनच अशी काच साध्या काचेपेक्षा बरीच जास्त मार सोसते, पण एकदा तो दाबाखालचा थर भेदला गेला की सगळा ताण एकदम सुटतो आणि अख्ख्या काचेचे बारीक खडे होतात. सुरीसारखी लांब पाती होऊ नयेत म्हणून हे मुद्दाम तसं केलेलं असतं. मात्र खडे बोथट असले तरी निरुपद्रवी नसतात. त्यांच्या कडा कापतात आणि त्यांच्याबरोबर अगदी बारीक कपच्याही पडतात. टफन काच नंतर कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. म्हणून दुसऱ्या गाडीची काच कापून बसवता येत नाही, तुमच्याच मॉडेलची, त्याच दाराची तयार काच मागवावी लागते. गॅरेजवाला वेळ मागतोय तो याचसाठी.

साफसफाई घरी जरूर करा, पण झाडू किंवा हाताने नको. जाड हातमोजे, बंद बूट आणि डोळ्यांना चष्मा हवाच. चौकटीत काचेचे दात उरले असतील किंवा काचेवर चिकटवलेल्या उन्हाच्या फिल्ममुळे काच चादरीसारखी लोंबत असेल, तर आत-बाहेर जुनी चादर पसरा, काचेवर रुंद चिकटपट्टी लावा आणि तुकडे बाहेरच्या बाजूला ओढून काढा. दाराच्या फटीत ढकलू नका, तिथे आधीच पुरेसे आहेत. मोठे खडे हातमोज्यांनी उचलून जाड खोक्यात टाका, नुसत्या पिशवीत नको. मग व्हॅक्यूम क्लीनर. वर्कशॉपमध्ये वापरतात तसा, खडे सोसणारा मिळाला तर उत्तम, कारण घरच्या नाजूक यंत्राची पिशवी फाटते. सीट पूर्ण पुढे नेऊन रूळ साफ करा, मग पूर्ण मागे नेऊन पुन्हा. सीटच्या बैठकीची आणि पाठीची फट हाताने न चाचपता यंत्राच्या चपट्या तोंडाने साफ करा. सीटबेल्टचं बकल, दाराचे कप्पे, मॅटखालची जागा आणि पुढच्या सीटखालच्या हवेच्या वाटा राहून जातात. शेवटी रुंद चिकटपट्टी हाताला उलटी गुंडाळून सीटवर ठोकत फिरवा, कापडात रुतलेल्या कपच्या तिला चिकटून निघतात. डिकी आणि विरुद्ध बाजूची सीटही सोडू नका, खडे फार लांब उडतात.

प्लास्टिक लावायचं तर जाड आणि पारदर्शक घ्या. काळी कचऱ्याची पिशवी लावली तर त्या बाजूची गाडी दिसत नाही आणि वळताना धोका होतो. आधी चौकट पुसून कोरडी करा. प्लास्टिक खिडकीपेक्षा मोठं कापा, दार उघडून त्याचा वरचा भाग चौकटीवरून आत घ्या, आतून चिकटवा आणि दार लावा, म्हणजे रबर ते दाबून धरतं. खालची कड मात्र बाहेरून, बीडिंगच्या (काच जिथून दारात शिरते तिथल्या रबरी पट्टीच्या) खाली दाराच्या पत्र्यावर येऊ द्या, म्हणजे पावसाचं पाणी बाहेरच्या बाहेर ओघळेल. जाड कापडी चिकटपट्टी थेट रंगावर लावू नका. उन्हात तिचा गोंद वितळून बसतो आणि काढताना रंग खराब होतो. आधी रंगकामाची कागदी पट्टी लावा आणि तिच्यावर मजबूत पट्टी. बीडिंगच्या रबरावर काहीच चिकटवू नका.

अशा गाडीने गॅरेजपर्यंत सावकाश जायला हरकत नाही. वेग वाढला की प्लास्टिक फडफडतं आणि सुटतं, म्हणून लांबचा प्रवास टाळा. गाडी शक्यतो बंद जागेत उभी करा आणि आत काहीही ठेवू नका, रिकामी बॅगसुद्धा नको. काही गाड्यांच्या अलार्ममध्ये आतली हालचाल टिपणारा सेन्सर असतो. प्लास्टिक हललं की तो वाजतो. तेवढाच सेन्सर तात्पुरता बंद करायची सोय असेल तर ती गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो ते. दाराच्या आतली सफाई झाल्याशिवाय नवी काच बसवू देऊ नका. घाईतला फिटर वरवरचे खडे काढतो, काच बसवतो आणि गाडी देतो. दिसायला काम झालेलं असतं. पण मग दर वेळी दार लावताना खुळखुळा वाजतो, आणि तो आवाज हा त्यातला सगळ्यात लहान त्रास. बीडिंगच्या मखमलीत आणि काच ज्या खाचेतून वर-खाली सरकते त्या चॅनलमध्ये रुतलेले कण नव्या काचेवर उभे ओरखडे पाडतात, ते पुन्हा निघत नाहीत. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. दाराच्या पोकळीत पावसाचं पाणी शिरणं हे गृहीतच धरलेलं असतं, ते दाराच्या खालच्या कडेला असलेल्या छोट्या भोकांतून निघून जातं. खड्यांनी ती भोकं बुजली की पाणी आत साचतं, आणि दार खालून, आतून गंजायला लागतं. बाहेर फुगवटा दिसेपर्यंत पत्रा गेलेला असतो.

म्हणून गॅरेजमध्ये काम सुरू असताना थांबा आणि पाहा. दाराचं पॅड, म्हणजे आतल्या बाजूचं आवरण, पूर्ण निघालं पाहिजे. त्याचे स्क्रू हँडलच्या खाचेत आणि छोट्या टोप्यांखाली लपलेले असतात, बाकी पॅड क्लिपांवर असतं. क्लिपा तुटतात, तेव्हा नव्या आधीच आणून ठेवायला सांगा, नाहीतर पॅड नंतर करकरतं. पॅडच्या मागे एक प्लास्टिकची शीट काळ्या चिकट गोंदाने लावलेली असते. ती न फाडता सोलायची आणि शेवटी होती तशी पूर्ण चिकटवायची, कारण पोकळीतलं पाणी पॅडवर आणि गाडीच्या तळावर येऊ न देण्याचं काम तीच करते. बऱ्याच गाड्यांत पुढच्या दारांमध्ये बाजूच्या एअरबॅगसाठी हवेचा दाब ओळखणारा सेन्सर असतो, तिथे दाराची पोकळी पहिल्यासारखी बंद होणं जास्तच महत्त्वाचं. एअरबॅगच्या वायरींचे कपलर, म्हणजे जोड, बहुधा पिवळे असतात. त्यांना हात लावायची वेळ आलीच तर आधी बॅटरी काढायची आणि पुस्तिकेत सांगितलंय तितका वेळ थांबायचं.

पोकळी व्हॅक्यूमने साफ झाली की खालची भोकं तारेने मोकळी करून घ्या आणि दार दोन-चारदा हळू उघडून-लावून आवाज येतोय का ते ऐका. येत असेल तर पुन्हा सफाई. चॅनलचं रबर बाहेर काढून झटकायला लावा. एवढ्याने काम थोडं लांबतं, फिटर कुरकुरेल, पण यासाठी आग्रह धरणं हा तुमचा हक्क आहे.

हे काम स्वतः करता येतं का? दाराचं पॅड याआधी कधी उघडलं असेल तर येतं. काच खाली मशीनच्या दोन पकडींत बसते. तिथले बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळले तर टफन काच हातातच फुटू शकते. तिची कड ही सगळ्यात नाजूक जागा असते, म्हणून काच फरशीवर कडेवर उभी करू नका. पहिल्यांदाच करत असाल तर माझा सल्ला असा की गाडीच्या आतली सफाई तुम्ही करा आणि दार फिटरला उघडू द्या.

नवी काच आली की तिच्या कोपऱ्यातली छपाई दुसऱ्या बाजूच्या जुन्या काचेशी ताडून पाहा. काच टफन की लॅमिनेटेड, रंगाची झाक आणि जाडी जुळली पाहिजे. काही गाड्यांत आवाज कमी यावा म्हणून दारालाही लॅमिनेटेड काच असते, तिच्या जागी साधी टफन बसली तर फरक जाणवतो. बसवल्यावर काच सरळ वर जाते का, मध्येच तिरकी होते का, ते पाहा. एका स्पर्शात वर जाणारी काच असेल तर तिला वरची हद्द पुन्हा शिकवावी लागते, आणि ते झाल्याशिवाय हात मध्ये आल्यावर थांबण्याची सोयही नीट चालेलच असं नाही. लहान मूल मागे बसत असताना हे तपासल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. तपासताना हाताऐवजी कापडाची जाड गुंडाळी मध्ये धरा. शेवटी नळाचं पाणी सोडून आत गळतं का ते बघा.

मुलीच्या सीटबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण काचवाला तिकडे पाहत नाही आणि गॅरेजवालाही नाही. ती सीट गाडीतून काढून उजेडात न्या. कव्हर काढता येत असेल तर काढा, आधी झटका, मग पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे धुवा. फोमच्या खाचा आणि पट्टे जिथून आत जातात ती भोकं व्हॅक्यूमने साफ करा. पट्ट्यांवर बोटांऐवजी चिकटपट्टी फिरवा, आणि कुठे धागे तुटलेले किंवा कापलेले दिसले तर तो पट्टा वापरू नका. बकल दहा वेळा लावून-काढून बघा. एखादा खडा आत असेल तर ते लागल्यासारखं वाटतं पण पक्कं बसत नाही. गाडीच्या त्या जागेच्या सीटबेल्टलाही हेच लागू. बनवणाऱ्या कंपनीला फोन करून काच पडलेल्या सीटबद्दल त्यांचं काय म्हणणं आहे ते विचारा. काही सीट अशा घडणीच्या असतात की आतले कण निघाल्याची खात्रीच देता येत नाही. तशी शंका उरली तर ती सीट बदला, आणि विम्याचा दावा करत असाल तर त्यात ती धरतात का तेही विचारून ठेवा.