नापातली एक वाईनरी न्यू जर्सीला वाईन पाठवते आणि शेजारचीच नाही म्हणते, असं का?

तुम्ही लिहिलंय की नापात, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या त्या वाईनच्या भागात, एका छोट्या वाईनरीने सहा बाटल्या न्यू जर्सीत तुमच्या एडिसन गावी घरपोच पाठवल्या आणि त्याच रस्त्यावरच्या मोठ्या, नावाजलेल्या वाईनरीने "सॉरी, न्यू जर्सी नाही" म्हणून हात वर केले, देश तर एकच आहे मग ही काय भानगड. मी नापाशेजारच्या सोनोमा भागात एका छोट्या वाईनरीचं शिपिंग आणि राज्याराज्यांना भरायचे रिपोर्ट बघतो, त्यामुळे हा प्रश्न टेस्टिंग रूममधून, म्हणजे जिथे गिऱ्हाइकं वाईन चाखतात तिथून, माझ्याकडे सतत येतो, आणि खरं सांगायचं तर काउंटरवरच्या पोरांनाही याचं उत्तर धड माहीत नसतं, त्यांच्या स्क्रीनवर पत्ता टाकला की लाल खूण येते एवढंच त्यांना ठाऊक.

भानगड नापात नाही, तुमच्या राज्यात आहे. न्यू जर्सीने 2012 मध्ये वाईनरींना थेट ग्राहकाला पाठवायचं लायसन्स द्यायला सुरुवात केली पण त्यात एक मेख मारून ठेवली, वर्षाला 2,50,000 गॅलनपेक्षा जास्त वाईन बनवणाऱ्याला ते लायसन्स नाही. म्हणजे बारा बाटल्यांच्या साधारण 1,05,000 केसेस. आम्ही त्याच्या आसपासही नाही, पण सुपरमार्केटात ज्यांची लेबलं ओळीने दिसतात ते सगळे त्याच्या कितीतरी पुढे. म्हणून छोटा पाठवू शकतो, मोठा नाही. वाईन कशी आहे, तुम्ही किती पिता, याच्याशी काडीचा संबंध नाही.

मग ही मेख कोणासाठी? त्यासाठी 1933 मध्ये जावं लागतं. दारूबंदी उठवताना 21वी घटनादुरुस्ती झाली आणि तिच्या दुसऱ्या कलमात लिहिलं की एखाद्या राज्याच्या कायद्याविरुद्ध त्या राज्यात दारू आणायला मनाई. झालं, प्रत्येक राज्य आपापल्या घरचा राजा. बहुतेकांनी तीन पायऱ्यांची पद्धत आणली: बनवणारा डिस्ट्रिब्युटरला विकणार, डिस्ट्रिब्युटर दुकानदाराला, दुकानदार तुम्हाला. हेतू तेव्हा वाईट नव्हता, दारूबंदीच्या आधी मद्य कंपन्याच गुत्ते चालवायच्या आणि कर नीट गोळा व्हायचा नाही. पण नंतर मधली पायरी एवढी श्रीमंत झाली की ती टिकवणं हाच एक धंदा झाला. थेट पार्सल म्हणजे तिचं मार्जिन गेलं, त्यामुळे राज्याच्या विधानसभेत हा विषय निघाला की सगळ्यात आधी कोण विरोधाला उभं राहतं ते वेगळं सांगायला नको. तरुण पोरं ऑनलाइन दारू मागवतील हा डिस्ट्रिब्युटरांचा आवडता मुद्दा, आणि तो अगदीच खोटा आहे असं मी म्हणणार नाही, पण त्यासाठी सहीची अट आहे, त्यावर पुढे सांगतो.

2005 साली सुप्रीम कोर्टात ग्रॅनहोम विरुद्ध हील्ड हा खटला आला, तिथून खरं चित्र बदललं. मिशिगनमधल्या वाईनरी मिशिगनकरांना घरी पाठवू शकत होत्या पण बाहेरच्या वाईनरींना मनाई, आणि न्यूयॉर्क म्हणायचं की आधी आमच्याकडे ऑफिस थाटा मग पाठवा. व्हर्जिनियात छोटी वाईनरी चालवणाऱ्या वानीटा स्वेडनबर्ग या बाई न्यूयॉर्कविरुद्ध लढल्या. निकाल 5-4 असा निसटता लागला, न्यायमूर्ती केनेडींनी लिहिलं की राज्याने पाहिजे तर सगळ्यांनाच बंदी घालावी, पण घरच्याला परवानगी आणि बाहेरच्याला मनाई असा दुजाभाव चालणार नाही. त्यानंतर एकामागून एक राज्यं उघडत गेली.

उघडली खरी, पण प्रत्येकाने आपापलं कुलूप लावून. मॅसॅच्युसेट्सने 30,000 गॅलनची मर्यादा घातली, आणि काय योगायोग, तिथल्या सगळ्या स्थानिक वाईनरी त्या आकड्याच्या आत बसत होत्या! 2010 मध्ये फेडरल अपील कोर्टाने हा चलाखपणा उडवला, तरी कायदा बदलून पार्सल सुरू व्हायला 2015 उजाडलं. तिथे ड्रू ब्लेडसो नावाचा माणूस कामी आला, बॉस्टनकडच्या पेट्रियट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा जुना क्वार्टरबॅक, म्हणजे मुख्य खेळाडू. त्याची वॉशिंग्टन राज्यात वाला वालाला वाईनरी आहे आणि ज्या बॉस्टनने त्याला डोक्यावर घेतलं तिथल्या चाहत्यांना त्याची बाटली पाठवता येत नव्हती. वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या करणाऱ्यांपेक्षा एका खेळाडूचा चेहरा जास्त चालला, हे मला अजूनही गमतीचं वाटतं.

यात आपल्या लोकांनी नाक मुरडायचं कारण नाही म्हणा, आपल्याकडेही दारू हा राज्याचाच विषय आहे, गोव्याहून येताना बांद्याजवळ गाडीची डिकी उघडायला लावतात त्यामागे हेच.

आता तुमच्या कामाचं. वर सगळं वाईनरीबद्दल बोललो, दुकानाबद्दल नाही. कॅलिफोर्नियातल्या एखाद्या वाईन शॉपने किंवा वेबसाइटने दुसऱ्या राज्यात पाठवणं मोजक्याच राज्यांत चालतं, न्यू जर्सी त्यात धरू नका. तेव्हा ऑर्डर करताना समोरचा स्वतः वाईन बनवतो की फक्त विकतो हे आधी बघा. न्यू जर्सीत एका माणसाला वर्षाला 12 केसेसपर्यंत येऊ शकतात, म्हणजे 144 बाटल्या, घरगुती माणसाला पुष्कळ झालं. पार्सल घेताना 21 वर्षांवरचं कोणीतरी घरी पाहिजे आणि सही पाहिजे, दारात ठेवून जा असं चालत नाही, म्हणून ऑफिसचा पत्ता दिलेला बरा. आणि आमच्याकडून गेलेल्या प्रत्येक खोक्याचा हिशेब राज्याकडे जातो, कर भरावा लागतो, बऱ्याच राज्यांत कुरियर कंपनीही वेगळा रिपोर्ट देते आणि ते दोन्ही ताडून बघतात. त्यामुळे "बिलावर ऑलिव्ह ऑइल लिहा ना" असं कोणी म्हणालं की मी हसून फोन ठेवतो.

तुम्ही शेवटी विचारलंय की मग स्वतःच बॉक्स करून ऊटा राज्यातल्या भावाला दिवाळीला पाठवू का. नको. सरकारी पोस्टाने दारू पाठवायला कायद्यानेच बंदी आहे आणि यूपीएस, फेडेक्स फक्त लायसन्सवाल्या, करार केलेल्या धंद्यांकडूनच घेतात, तुमच्याआमच्याकडून नाही. त्यात ऊटा तर वाईनरीलाही थेट घरी पाठवू देत नाही, तिथे वाईन सरकारी दुकानातूनच घ्यायची. भावाला तिथल्या तिथे घेऊ दे, तुम्ही पैसे पाठवा. आणि त्या मोठ्या वाईनरीची नेहमीची बाटली तुमच्या एडिसनच्या दुकानात बहुतेक मिळेलच, कारण डिस्ट्रिब्युटर तीच तर आणतो, अडतं ते फक्त वाईनरीतच विकल्या जाणाऱ्या खास बाटल्यांचं. त्या पुढच्या खेपेला चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणा, 24 टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेल्या बाटल्यांना विमानात संख्येची मर्यादा नाही, फक्त बॅगेचं वजन सांभाळा.