फेम्टोसेकंदांच्या वाटेला जाण्याआधी

प्रिय मित्रा,

प्रकाशसंश्लेषणातल्या अतिजलद ऊर्जावहनावर पीएचडी करावी का, असं विचारलं आहेस. जरूर कर. पण ओढ फक्त वेगाची असेल, तर लवकरच कंटाळशील. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाख अब्जावा भाग, हे ऐकायला भारी वाटतं. फेम्टोसेकंदांत घडणाऱ्या रासायनिक अभिक्रिया टिपणाऱ्या अहमद झेवैल यांना १९९९ साली नोबेल मिळाल्यापासून सगळेच ते सांगतात. निसर्गाला एवढी घाई का, हा खरा प्रश्न. हरितद्रव्याने शोषलेली ऊर्जा काही नॅनोसेकंदांत (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) उष्णता किंवा प्रकाश होऊन वाया जाते. त्याआधी ती अभिक्रिया केंद्रात, म्हणजे तिचं रासायनिक ऊर्जेत रूपांतर सुरू होतं त्या प्रथिनात, पोचायला हवी. तिथे इलेक्ट्रॉन काही पिकोसेकंदांतच (नॅनोसेकंदाचा हजारावा भाग) वेगळा होतो.

इतका कमी वेळ मोजणारं घड्याळ नसतं. पंप-प्रोब प्रयोगात लेझरचा एक स्पंद नमुना उत्तेजित करतो आणि दुसरा थोड्या वेळाने त्याचं काय झालं ते तपासतो; हा उशीर ठरवायला एक आरसा सरकवतात. तो एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) मागे नेला की प्रकाशाला दोन मायक्रॉन जास्त जावं लागतं आणि स्पंद सुमारे ६.७ फेम्टोसेकंद उशिरा पोचतो. सोपं वाटतं ना? शून्य वेळेपाशी, म्हणजे दोन्ही स्पंद एकदम पोचतात तेव्हा, नमुना ज्यात विरघळवतात तो नुसता द्रावकसुद्धा असा झकास संकेत देतो की त्यावर शोधनिबंध लिहावासा वाटेल. म्हणून आधी रिकामा द्रावक मोज. मग लेझरची शक्ती निम्मी करून बघ. एकाच प्रथिनात दोन उत्तेजनं पडली तर ती एकमेकांना संपवतात आणि ऊर्जा खऱ्यापेक्षा जलद ओसरल्यासारखी दिसते. शक्ती कमी केल्यावर आलेख बदलला, तर ती गती तुझ्या लेझरची, पानाची नव्हे.

२००७ साली रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहम फ्लेमिंग यांच्या गटाला हरित गंधक जीवाणूंच्या प्रथिनात, ७७ केल्विनला, संकेतात दीर्घकाळ टिकणारी आंदोलनं (लयबद्ध चढउतार) दिसली. ‘जीवाणू क्वांटम युक्ती वापरतात’ अशी चर्चा जगभर रंगली. पुढे ती आंदोलनं मुख्यतः रेणूंच्या कंपनांची असल्याचं दिसून आलं. मोजमाप पक्कं होतं. अर्थ मात्र बदलावा लागला. (माझ्या मते या क्षेत्राचं त्यात भलंच झालं.)

गणिताचं म्हणशील तर रेषीय बीजगणित आणि पायथन पुरे, बाकी ओघात येतं. प्रथिनं शुद्ध करायला मात्र स्वतः शीक, अंधुक हिरव्या प्रकाशात, थंडगार खोलीत. लेझरवाले हे काम दुसऱ्यावर ढकलतात आणि मग खराब नमुन्याचा वर्णपट महिनोन्‌महिने उलगडत बसतात.

मार्गदर्शक ठरवण्याआधी तिथल्या विद्यार्थ्यांकडे लेझरची शक्ती बदलून घेतलेले आलेख माग. ते दाखवायला का-कू झाली, तर दुसरी प्रयोगशाळा बघ. प्रयोगशाळांची यादी झाली की मला पाठव.