अमेरिकेला जायला १६ तास अन् यायला १४, असं कसं?

प्रश्न: मुलगी न्यूयॉर्कला असते, आम्ही दोघं पहिल्यांदाच चाललोय. नातू फोनवर म्हणतो मुंबई ते न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर, विमान ताशी ९००, म्हणजे १४ तासात झालं की. पण तिकिटावर जायला १६ तास आणि यायला १४. आमचे हे म्हणतात पृथ्वी फिरते म्हणून. पण ती तर पूर्वेकडं फिरते, मग जाताना न्यूयॉर्कच आपल्याकडं यायला पाहिजे ना ओ? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: काकू, शंका भारी काढलीत. पण पृथ्वीबरोबर हवा पण फिरते, नाहीतर विमान नुसतं वर नेऊन थांबवलं असतं आणि अमेरिका खाली आली की उतरलो असतो, इंधनाचा पण खर्च नाही! खरी भानगड वाऱ्याची. साधारण १० किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहतो, कधी कधी ताशी ३०० किलोमीटरच्या वर, तो जाताना तोंडावर येतो आणि येताना पाठीमागून ढकलतो. त्याची दिशा तशी व्हायला पृथ्वीचं फिरणं कारणीभूत आहेच, म्हणून काकांना अर्धे मार्क द्या.

आता नातवाचे साडेबारा हजार. ते बरोबर आहेत, पण ते पृथ्वीच्या गोळ्यावर दोरा ताणून मोजलेले, तो दोरा रशिया, आइसलंड, ग्रीनलंडच्या टोकावरून जातो. सोलापूर-मुंबई सरळ मोजलं तर साडेतीनशेच्या आसपास भरतं आणि रेल्वेनं साडेचारशे होतं, तसंच हे. वाटेत कुणाचं आकाश बंद असलं की वळसा आलाच, २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांच्या विमानांना बंद केलं तसं. शिवाय तिकिटावरच्या तासात धावपट्टीपर्यंत रांगत जायचा वेळ पण धरलेला असतो.

आणि लांबचा रस्ता कधी लवकर पण पोचवतो बरं का. २०१६ ला एअर इंडियानं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिक सोडून पूर्वेकडं पॅसिफिकवरून नेलं, रस्ता चौदाशेक किलोमीटरनं वाढून १५,३०० झाला तरी साडेचौदा तासात पोचलं, सगळी वाऱ्याची कृपा. म्हणून किलोमीटरला ९०० नं भागत बसू नका, तिकिटावरचे तासच धरा.

फक्त ते तास तिकिटावरच्या निघायच्या आणि पोचायच्या वेळेवरून काढू नका, तिथं सगळेच फसतात, कारण दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागं, थंडीत साडेदहा. समजा उन्हाळ्यात रात्री २ ला मुंबईहून निघालात, १६ तासांनी आपल्याकडं संध्याकाळचे ६ पण तिकडं सकाळचे साडेआठच, तारीख तीच. येताना दुपारी १२ ला निघून १४ तासात आलात तरी कागदावर दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेअकरा दिसणार, ते बघून काका साडेतेवीस तास म्हणून घाबरतील, त्यांना आधीच सांगून ठेवा.