फीत कापल्यानंतरचं तिसरं वर्ष

चि. नव्या प्रकल्पप्रमुखास,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतला रोटरी क्लब पैसे द्यायला तयार, तालुक्याचं ट्रस्टचं रुग्णालय डायलिसिसची पाच यंत्रं मागतंय, आपल्या रोटरी क्लबच्या अध्यक्षांना 30 जूनच्या आत उद्घाटन हवंय, आणि तू विचारतेस, "हो म्हणू का?" मी उलट विचारतो: तिसऱ्या वर्षी ती यंत्रं कोण चालवणार?

रोटरीचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं आणि अध्यक्ष बदलतो. यंत्र मात्र तिथेच राहतं. म्हणून आधी हिशेब कर. एका यंत्रावर दिवसाला दोन पाळ्या आणि आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे 12 सत्रं. रुग्णाला आठवड्याला दोन-तीन सत्रं लागतात. म्हणजे एका यंत्रावर चार ते सहा रुग्ण, पाचांवर वीस ते तीस. एवढे रुग्ण त्या तालुक्यात आहेत का? सध्या ते कुठे जातात, एसटीला किती खर्च करतात, हे त्यांच्याकडूनच लिहून आण. रुग्णालयाच्या लेटरहेडवर आलेली मागणी म्हणजे गरजेची पाहणी नव्हे.

मग पाणी. इथेच सगळे फसतात. चार तासांच्या एका सत्राला मिनिटाला 500 मिलिलिटर धरलं तर 120 लिटर शुद्ध पाणी लागतं. पाणी शुद्ध करणारा आरओ बरंच पाणी वाया घालवतो, म्हणून कच्चं पाणी निदान दुप्पट धर. शाळेत बसवतात तो आरओ इथे चालत नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन कार्बन फिल्टरने निघालं नाही तर रुग्णाच्या तांबड्या पेशी फुटतात. कार्बन कधी बदलायचा, क्लोरीन रोज कोण तपासणार, आरओच्या मेंब्रेनचे, म्हणजे पाणी गाळणाऱ्या पडद्याचे, पैसे कुठून येणार? वीज गेली की नळीतलं रक्त गोठू लागतं, म्हणजे जनरेटर आणि त्याचं डिझेलही आलं. डायलायझर (रक्त गाळणारा फिल्टर), नळ्या, सुया, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध), तंत्रज्ञांचा पगार, हे सगळं आमच्या उत्साहात कोटेशनच्या बाहेर राहायचं. पाटी मात्र वेळेवर तयार असायची. तिसऱ्या वर्षाचा प्रश्न तेव्हा मी पुरेसा रेटला नाही, ही माझी खंत. आता रेटतो तर क्लबात मला खोडा घालणारा म्हणतात. म्हणू देत. ग्लोबल ग्रँटमधून, म्हणजे रोटरी फाउंडेशनच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पांसाठीच्या अनुदानातून, दुसऱ्या संस्थेचा चालू खर्च मिळत नाही, हा काही माझा नियम नाही!

रुग्णालय महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का ते विचार. असेल तर प्रत्येक सत्राचे पैसे मिळू शकतात आणि तिसऱ्या वर्षाचं अर्धं उत्तर तिथेच सापडतं.

पैशाचं थोडक्यात सांगतो. ग्लोबल ग्रँटसाठी प्रकल्प किमान 30,000 डॉलरचा हवा. डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे आपल्या भागातल्या रोटरी क्लबांच्या गटाच्या, निधीतून 10,000 आले तर फाउंडेशनचा वर्ल्ड फंड त्यावर 80 टक्के, म्हणजे 8,000 घालतो. रोख देणगीवर वर्ल्ड फंड अशी भर घालत नाही, उलट ती फाउंडेशनमार्फत दिलीस तर वर 5 टक्के जादा भरावे लागतात. मंजुरीआधी घेतलेल्या वस्तूचे पैसे मिळत नाहीत, तेव्हा विक्रेत्याने "दर वाढतील" म्हणून कितीही घाई केली तरी आगाऊ रक्कम देऊ नकोस. परदेशी मित्र म्हणेल, "थेट तुमच्या खात्यात पाठवतो." नको! एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना क्लबच्या साध्या खात्यात परदेशी देणगी घेणं हा गुन्हा आहे. नोंदणी असली तरी पैसे आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतात, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाहीत.

यंत्रांची मालकी रुग्णालयाची, क्लबची नव्हे. करारात दोन तंत्रज्ञांची नेमणूक, देखभाल कराराचं पहिल्या तीन वर्षांचं अंदाजपत्रक आणि विश्वस्तांचा ठराव जोडून घे. ठराव देत नसतील तर पाचाऐवजी दोन यंत्रांबद्दल बोल. तेही जमत नसेल तर परदेशी क्लबला सरळ कळव की यंदा प्रकल्प होणार नाही. अध्यक्ष रागावतील, पण 1 जुलैला ते माजी होतात.

येत्या सोमवारी रुग्णालयाकडून गेल्या बारा महिन्यांची वीजबिलं आणि उन्हाळ्यातली टँकरची पावती मागून घे. ती हाती आली की मला फोन कर, रात्री नऊच्या आत.

तुझा,
काका