लॉच्या आधी कायदा, तंत्रज्ञान आणि संस्कृती अशी एकत्र पदवी घेऊन उपयोग होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बारावी सायन्स झाली आहे, वकील व्हायचंय, कॉम्प्युटरची आवड आहे आणि इतिहासाचीही. अमेरिकेत ‘लॉ, टेक्नॉलॉजी अँड कल्चर’ अशी पदवी असते असं वाचलंत. वडील म्हणतात, कशाला भानगड, सरळ पाच वर्षांचं लॉ घे. कोल्हापुरात राहून असं काही जमेल का?

जमेल. फक्त त्या नावाची पदवी इथं शोधत बसू नका.

आधी अमेरिकेचं बघू. न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत या नावाचं बीए खरंच आहे. पण तिकडं शाळा संपवून थेट लॉला जाता येत नाही. आधी चार वर्षांची कुठलीतरी पदवी, मग एलसॅटसारखी परीक्षा, मग तीन वर्षांचं जेडी, म्हणजे तिथली वकिलीची पदवी. लॉला जायचं तर अमुकच विषय घ्या, असं तिथली बार असोसिएशनही सांगत नाही. मग ती चार वर्षं कारणी लागावीत म्हणून कॉलेजं असे अभ्यासक्रम काढतात. आपल्याकडं बारावीनंतर पाच वर्षांचा रस्ता उघडाच आहे, त्यामुळं ‘लॉच्या आधीची पदवी’ ही कल्पनाच रुजली नाही. दुसरा रस्ता म्हणजे कुठलीही पदवी घ्यायची (खुल्या गटाला किमान ४५ टक्के हवेत), सीईटी द्यायची आणि तीन वर्षांचं एलएलबी करायचं.

मी या दुसऱ्या रस्त्यानं आले. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, मग एलएलबी. ठरवून वगैरे काही नाही. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला कळलं की दिवसभर कोड लिहिणं आपल्याच्यानं होणार नाही, आणि घरी सांगायला काहीतरी हवं होतं.

सीनियरच्या ऑफिसात माझं पहिलं वर्ष होतं. एका गोडाऊनच्या ताब्याचा दावा होता. कुलूप कुणी तोडलं हे सीसीटीव्हीत स्पष्ट दिसत होतं. अशिलानं क्लिप व्हॉट्सअॅपवर पाठवली, मी ती सीडीवर घालून यादीबरोबर दाखल केली आणि खूश झाले. समोरच्या वकिलांनी दोनच प्रश्न विचारले: मूळ रेकॉर्डिंग कुठाय, आणि प्रमाणपत्र कुठाय? मूळ डीव्हीआरवर (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारं यंत्र) तोवर नवं रेकॉर्डिंग चढलं होतं. त्या यंत्रात जागा भरली की जुनं आपोआप पुसलं जातं. कॉम्प्युटर सायन्स शिकलेली मी एकटीच त्या ऑफिसात होते, आणि पहिल्या दिवशी डीव्हीआर उचलून आणा एवढं सांगायचं मला सुचलं नाही. सीनियर काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

यातली मेख समजून घ्या, कारण तुम्ही विचारताय ते कायदा आणि तंत्रज्ञान इथंच भेटतात. व्हिडिओ व्हॉट्सअॅपवरून नेहमीसारखा पाठवला की अॅप तो दाबून लहान करतं. डोळ्याला फरक दिसत नाही, पण फाइल बदललेली असते. फाइलवर गणित करून एक लांबलचक ओळखआकडा काढतात, त्याला हॅश म्हणतात. फाइलमधला एक बिट बदलला तरी हा आकडा पार बदलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर द्यायच्या प्रमाणपत्रात आता हा हॅश लिहावा लागतो. प्रमाणपत्राचा एक भाग पुरावा देणाऱ्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. पूर्वी हेच काम साक्ष्य कायद्याच्या ६५-ब कलमाखाली चालायचं, आणि त्यावरचा सर्वात गाजलेला निकाल आपल्याच महाराष्ट्रातला आहे. जालन्याची २०१४ ची विधानसभा निवडणूक, २९६ मतांचा फरक, आणि उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, यावरून वाद. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण होतं, पण अधिकारी प्रमाणपत्र देईनात. सुप्रीम कोर्टानं जुलै २०२० मध्ये सांगितलं की मूळ यंत्रच कोर्टासमोर आणलं नसेल तर प्रमाणपत्र सक्तीचं. मात्र मागूनही कुणी देत नसेल तर पक्षकारानं कोर्टाकडं अर्ज करावा. हा निकाल एलएलबीला सगळेच वाचतात. प्रत नेमकी कशी बदलते हे ज्यानं हातानं करून पाहिलंय, त्याची उलटतपासणी मात्र वेगळी होते.

आता एक गोष्ट, जी मला बीएस्सीच्या आधी कुणी सांगितली नव्हती. भारतात पेटंट एजंट, म्हणजे दुसऱ्यांच्या वतीनं पेटंटचे अर्ज करणारा, व्हायचं असेल तर पदवी विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची लागते, आणि वर वेगळी परीक्षा. बीए किंवा बीकॉम करून पुढं कितीही मोठे वकील झालात तरी ही परीक्षा देता येत नाही. म्हणून बारावी सायन्सवाल्याला मी सायन्स सोडू नको असंच सांगते. इतिहास पुढं कधीही वाचता येतो. हे दार मात्र एकदा बंद झालं की उघडत नाही.

संस्कृतीचं म्हणाल, तर त्यासाठी कोल्हापुराबाहेर जायची गरज मला तरी दिसत नाही. चप्पल लाईनला एक चक्कर मारा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, तेही महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून, दोन्हीकडचे चार-चार जिल्हे. (बेळगावचं नाव त्यात आहे म्हणून आमच्याकडं कपाळाला आठ्या पडतात, पण कातड्याला सीमावाद कळत नाही.) जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तसलीच चप्पल दाखवली आणि इथं आग्या मोहोळ उठलं. ‘आमची चप्पल चोरली, केस करा’ असं मला रिक्षावाल्यापासून मावशीपर्यंत सगळ्यांनी सांगितलं. जनहित याचिका झालीही. मुंबई हायकोर्टानं ती जुलैमध्ये फेटाळली, कारण याचिका करणारे त्या जीआयचे नोंदणीकृत मालक नव्हते. ती नोंद आहे दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर. दावा लावायचा तर त्यांनी, किंवा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असलेल्या कारागिरानं.

त्याखाली आणखी एक अडचण होती. जीआय मुख्यतः नावाचं रक्षण करतं, घाटाचं नाही. प्राडानं चपलेला कोल्हापुरी म्हटलंच नव्हतं, नुसती चामड्याची सँडल म्हटलं होतं. म्हणजे लोकांचा राग खरा, पण त्याला बसणारं कलम सापडेना. पुढं डिसेंबरमध्ये प्राडानं दोन्ही महामंडळांशी करार केला, तो कोर्टाच्या हुकमानं नव्हे. तुम्हाला कायदा आणि संस्कृती एकत्र शिकायचं असेल तर या एका प्रकरणावर सहा महिने घालवता येतील. कापशी चपलेचा ‘कान’ म्हणजे काय, कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कसं कमावतात, यातलं काय नोंदणीच्या अर्जात मावतं आणि काय मावत नाही, हे कारागिराशेजारी बसल्याशिवाय समजत नाही. आणि ज्याच्या हाताला राप चढलाय त्या माणसाचं नाव अधिकृत वापरकर्त्यांच्या यादीत आहे का, तेही विचारून बघा.

दुसरं, मोडी लिपी शिका. हे मी प्रत्येक ज्युनियरला सांगते आणि बहुतेकजण हसतात. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याआधीचे इनाम, वतन, वाटण्या यांचे कागद बहुतेक मोडीत. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, आणि सन फसली (जुनं महसुली वर्ष) असेल तर त्यात ५९० मिळवून इसवी सन काढायचा. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा मोडी वाचणारी माणसं शोधताना सरकारी कचेऱ्यांची धावपळ झाली होती. जमिनीच्या दाव्यात भाषांतरकाराने ‘इनाम’चं ‘नाम’ वाचलं तर तो समोरच्याचा फायदा, आणि तुम्हाला वाचता येत नसेल तर ते कळणारही नाही. पुराभिलेख खात्याचे मोडीचे छोटे वर्ग निघतात, त्यांच्यावर लक्ष ठेवा. आपलं कोल्हापूरचं पुराभिलेखागारही बघून या. शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम शाळेत सगळ्यांनी वाचलेला असतो. पण हुकूम निघणं आणि तो खाली तालुक्यापर्यंत पोचणं यांत किती पत्रं जातात, हे तिथले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडल्यावर दिसतं.

तर माझं मत: बीएस्सी कॉम्प्युटर किंवा तत्सम घ्या. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय घेता येतो. तुमच्या कॉलेजात इतिहास किंवा समाजशास्त्र मिळतं का, ते प्रवेशाआधी विचारा. मिळालं नाही तरी अडत नाही. सुट्टीत कोर्टात येऊन बसा. ऑगस्ट २०२५ पासून सीपीआर रुग्णालयासमोर मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) बसतंय. सहा जिल्ह्यांची कामं तिथं चालतात, त्यामुळं पूर्वीसारखी मुंबईची रात्रीची गाडी पकडावी लागत नाही.

अमेरिकेलाच जाऊन जेडी करायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा. परदेशी लॉ पदवीवर इथं थेट सनद मिळत नाही. ती पदवी बार कौन्सिलला मान्य असावी लागते आणि वर पात्रता परीक्षा असते.

वडिलांचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. पाच वर्षांऐवजी सहा लागतात, चार वर्षांची ऑनर्स घेतली तर सात, आणि त्यानंतरही सुरुवातीची दोन-तीन वर्षं ज्युनियरला मिळतं ते पेट्रोल आणि चहापुरतं. माझ्या तिसऱ्या वर्षापर्यंत घरभाडं आईच्या पेन्शनमधून जात होतं. तेव्हा हा हिशोब त्यांच्याबरोबर बसून कागदावर मांडा, आणि त्यात घरी कोण कमावतंय तेही लिहा.